अंगणातून तेजोमेघ: धायरी, हंगाम 2024-25च्या प्रकल्प नोंदी

12 ऑक्टोबर 2024, दसरा

पाऊस अजून पुरता गेलेला नाही, पण सामान जमलं. शहराच्या कडेला राहून, गाडी न काढता, घरामागच्या जागेतूनच तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) आणि दीर्घिकांचे फोटो काढायचे आहेत अशांसाठी या नोंदी. दुर्बीण नाही. कॅमेरा, लेन्स आणि आकाशाच्या गतीने फिरणारा माउंट, एवढ्यावरच काम.

जागा: रो-हाउसच्या मागचं अंगण, 12 बाय 18 फूट, शहाबादी फरशी. उत्तरेला आमचंच दुमजली घर, त्यामुळे उत्तरेचं आकाश 50 अंशांपर्यंत बंद. पूर्वेला शेजारच्या काकांचा आंबा. दक्षिण मोकळी. पुणे शहर ईशान्येला असल्याने दक्षिणेकडचं आकाश त्यातल्या त्यात काळं. आकाशाच्या काळोखाच्या बोर्टल मोजपट्टीवर (एक सगळ्यात काळं, नऊ सगळ्यात उजळ) आठ. कृत्तिकेतले चार तारे नुसत्या डोळ्यांनी दिसले की चांगली रात्र समजायची.

सामान सगळं वापरलेलं: कॅनन 600डी (11,000), सॅमयांग 135 मिमी एफ/2 लेन्स (27,000), स्काय-वॉचर स्टार ॲडव्हेंचरर 2आय माउंट (34,000). ट्रायपॉड घरातलाच, जुना आणि जड. 600डी घेण्याचं कारण एवढंच की तो पुढे उघडायचा आहे, आणि 11 हजारांचा कॅमेरा उघडायला द्यायला छाती लागत नाही.

135 मिमीला या सेन्सरवर साधारण 9.4 बाय 6.3 अंश आकाश मावतं आणि एका पिक्सेलमध्ये 6.6 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600वा भाग) येतात. म्हणजे माउंट थोडा अडखळला तरी ते फोटोत दिसत नाही. पहिल्याच वर्षी मोठी दुर्बीण घेणाऱ्यांची दुर्बीण दुसऱ्या वर्षी विकायला निघते. माझा माउंटही तसाच एकाकडून आलाय, जवळपास कोरा.

27 ऑक्टोबर, रविवार

माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो, तरच तो ताऱ्यांबरोबर फिरतो. ध्रुवतारा दिसत नाही, हा पहिला अडसर. धायरीचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या जवळ, म्हणून ध्रुवतारा क्षितिजावर साडेअठरा अंशांवर. तिथे आमची मागची भिंत. माउंटमधल्या ध्रुवदर्शीचा, म्हणजे ध्रुवताऱ्यावर रोखायच्या छोट्या दुर्बिणीचा, उपयोग शून्य.

उत्तर शोधायला होकायंत्र लावलं, तर ते मोरीच्या लोखंडी दाराशी एक सांगे आणि तुळशीपाशी दुसरंच. शेवटी सूर्याकडून काम करून घेतलं. पुण्याचा रेखांश 73.8 अंश, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापेक्षा सूर्य इथे सुमारे 35 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. ऑक्टोबरअखेर सूर्य घड्याळाच्या 16 मिनिटं पुढे असतो. हिशेब करून आजची खरी दुपार 12 वाजून 19 मिनिटांनी. गवंड्याचा ओळंबा तिपाईला टांगला आणि 12:19ला दोऱ्याची सावली फरशीवर खडूने आखली. ती रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. नंतर तीच तैलरंगाने पक्की केली. घरच्यांनी विचारलं, रांगोळी कसली? सांगितलं, कायमची आहे.

रात्री उरलेली चूक काढायला निना हे फुकट सॉफ्टवेअर आणि त्यातलं तीन बिंदूंचं ध्रुव-जुळवणीचं प्लगिन. कॅमेरा यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा, मोकळ्या आकाशाचा एक फोटो घ्यायचा, माउंट हाताने दहा-पंधरा अंश फिरवून दुसरा, पुन्हा फिरवून तिसरा. सॉफ्टवेअर ताऱ्यांवरून अक्ष कुठे आहे ते काढतं आणि किती वर-खाली, डावीकडे-उजवीकडे घ्यायचं ते पडद्यावर दाखवतं. ध्रुवतारा लागतच नाही. ज्यांची उत्तर बंद आहे त्यांनी थेट इथूनच सुरुवात करावी.

आणखी एक गोष्ट कुठल्याही व्हिडिओत नव्हती. बाहेरच्या देशांतले लोक 45-50 अंशांवर माउंट लावतात. आपल्या साडेअठरा अंशांवर अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि कॅमेऱ्याचं वजन तोलणारा प्रतिभार खाली येताना ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर आदळतो. एक पाय उत्तरेला ठेवा, असं सगळे सांगतात. इथे तो दक्षिणेला घ्यावा लागला आणि उत्तरेला दोन पायांमधली फट आली. पाय कुठे टेकतात ते फरशीवर रंगवून ठेवलं.

2 नोव्हेंबर, पाडवा

काल लक्ष्मीपूजन. अमावास्या म्हणजे महिन्यातली सगळ्यात काळी रात्र, आणि नेमकी तीच फटाक्यांची. धूर बसला की त्यात रस्त्याचे दिवे मिसळतात आणि आकाश राखाडी होतं. सामान बाहेरच काढलं नाही. दिवाळीचा आठवडा सोडून द्यायचा, हे आधीच धरून चाला.

26 नोव्हेंबर

पहिली खरी रात्र. लक्ष्य देवयानी दीर्घिका, एम31 (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक). अंतर 25 लाख प्रकाशवर्षं. रात्री नऊच्या सुमारास ती उत्तरेला 67 अंशांवर येते, म्हणजे घराच्या छपराच्या वरून दिसते. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 800, एफ/2.8 (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), 30 सेकंदांच्या 200 फ्रेम. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डावीकडून तिसऱ्या हिश्श्यावर ठेवला. त्याहून लांब एक्स्पोजर शहरात फुकट जातं, आकाशच भरत राहतं.

अकरानंतरच्या फ्रेम धुरकट. लेन्सला हात लावला तर ओला. दव. या फ्रेम थेट टाकल्या, राहिल्या दीडशेच्या आसपास.

स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक चित्र करणं, सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये, तेही फुकट. कमी पडली ती डिस्कवरची जागा. 600डीची एक रॉ फाइल 24 एमबीच्या आसपास असते, पण रंग उलगडून 32 बिटमध्ये लिहिली की तीच 215 एमबी. कॅलिब्रेट केलेला (सेन्सर-लेन्सचे दोष काढलेला) एक संच, ताऱ्यांवर जुळवलेला दुसरा. मध्यरात्री लॅपटॉपची 256 जीबी डिस्क भरली आणि काम अर्ध्यावर थांबलं. आता 16 बिटमध्ये लिहायला लावलंय, जागा निम्मी लागते. तरी 100 जीबी मोकळी असल्याशिवाय बसू नका.

चित्र निघालं. गाभा, एक धुळीचा पट्टा, दोन सोबती दीर्घिका एम32 आणि एम110. पण तीन गोष्टी बिघडल्या:

पार्श्वभूमीवर तिरक्या रेघा, पाऊस लागल्यासारख्या. ध्रुव-जुळवणीत थोडी चूक उरली की तारे रात्रभर सेन्सरवरून एकाच दिशेला हळूहळू सरकतात. सॉफ्टवेअर ताऱ्यांवर फ्रेम जुळवतं आणि सेन्सरचे ठरलेले डाग उलट्या दिशेला ओढले जाऊन त्यांची रेघ होते. उपाय म्हणजे दर काही फ्रेमनंतर कॅमेरा मुद्दाम थोडा हलवणं, म्हणजे डिदरिंग. या माउंटला एकाच अक्षात मोटर आहे, त्यामुळे दुसऱ्या अक्षात हाताने. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून बॉलहेड (कॅमेरा ज्यावर बसतो तो फिरता गोळा) केसभर सरकवायचा. कंटाळवाणं आहे, पण रेघा गेल्या.

दुसरं, प्रकाशाचा उतार. चित्राचा ईशान्येकडचा कोपरा पिवळा, समोरचा निळसर. सिरिलच्या पार्श्वभूमी काढण्याच्या साधनाला मोकळं सोडलं तर त्याने दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजाही 'प्रदूषण' समजून खाल्ल्या. नमुन्याचे ठिपके दीर्घिकेवरून हाताने काढले. स्टॅक करण्याआधी प्रत्येक फ्रेममधून सरळ रेषेचा साधा उतार काढला आणि शेवटी उरलेलं हलक्या हाताने. भुजा परत आल्या.

तिसरं दव. त्याची नोंद पुढे.

6 डिसेंबर

फेंगल चक्रीवादळाचे ढग आठवडाभर इथपर्यंत. ढगांचे दिवस सोल्डरिंगचे.

दवाचा पट्टा तयार मिळतो, पण बाहेरून मागवायला महाग. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, 680 ओहमचे अर्ध्या वॉटचे 20 रेझिस्टर आणले. दोन तांब्याच्या तारा समांतर धरून शिडीच्या पायऱ्यांसारखे रेझिस्टर मधे, सव्वा सेंटिमीटरच्या अंतराने. एकूण लांबी 25 सेंटिमीटर, लेन्सच्या तोंडाच्या घेराएवढी. वीसही समांतर म्हणजे 34 ओहम. 12 व्होल्टला 0.35 अँपिअर करंट, सव्वाचार वॉट. बाहेरून उष्णतारोधक टेप आणि जुन्या जीनची पट्टी. बॅटरी यूपीएसची, 12 व्होल्ट 7 अँपिअर-तास. रात्रभर चालून उरते. बॅटरी, फ्यूज, पिना धरून खर्च 1,400.

330 ओहमचे लावायचा मोह होतो. ऊब दुप्पट मिळते. पण तेवढी गरज नाही, आणि लेन्ससमोरची हवा तापून तारे फुगतात. पट्टा हाताला जेमतेम कोमट लागला पाहिजे.

याच आठवड्यात फ्लॅट फ्रेमही जमवल्या, म्हणजे लेन्सच्या कडेचा काळोख आणि धुळीचे डाग वजा करायला एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे फोटो. पांढरा पडदा दाखवणारा टॅबलेट लेन्सवर पालथा ठेवला, तर चित्रात आडवे काळे पट्टे. पडदा मंद केला की तो फार वेगाने उघडझाप करतो आणि लहान एक्स्पोजरमध्ये ती उघडझाप पकडली जाते. पडदा पूर्ण उजळ ठेवला, मधे पांढऱ्या कागदाचे सहा ताव घातले आणि एक्स्पोजर एक दशांश सेकंदाच्या वर नेलं. पट्टे गायब.

30 डिसेंबर, सोमवती अमावास्या

31ला गच्च्यांवर स्पीकर आणि फोकस लागणार, म्हणून आजच उरकलं. मृग नक्षत्र. पट्ट्याच्या तीन ताऱ्यांपासून खालच्या एम42 तेजोमेघापर्यंत सगळं एका चौकटीत बसतं, 135 मिमीची ही खरी कमाई.

एम42 इतका तेजस्वी की 30 सेकंदांत त्याचा गाभा पांढराफटक होतो. आतले चार तारे हवे असतील तर 5 सेकंदांचा वेगळा संच घ्या आणि नंतर मिसळा. हे शहरातूनही उत्तम येतं, नवख्यांनी याच्यापासूनच सुरुवात करावी.

अश्वशीर्ष तेजोमेघ मात्र अगदी पुसट. काळी घोड्याची मान ज्या लाल पडद्यावर उठून दिसते, तो पडदाच कॅमेरा गाळून टाकतो. हायड्रोजनचा लाल प्रकाश 656.3 नॅनोमीटरचा. कंपनीच्या कॅमेऱ्यातली अवरक्तरोधक काच त्यातला जेमतेम चौथा हिस्सा आत सोडते.

फ्रेमच्या तळाशी एक जांभळट झाक होती, तिचा तपास लागायला फार वेळ गेला. लेन्स हूड बदलला, फ्लॅट पुन्हा काढल्या, झाक तिथेच. शेवटी डार्क फ्रेममध्येही ती दिसली, आणि डार्क तर सेन्सरचा स्वतःचा गोंधळ वजा करायला लेन्सचं झाकण लावून घेतलेल्या. म्हणजे प्रकाश समोरून येतच नव्हता. मागच्या बोळातला एलईडी दिवा व्ह्यूफाइंडरमधून आत शिरत होता. आयपीसवर काळी चिकटपट्टी लावली, संपलं.

शेजारच्या वहिनींच्या दारातला फ्लडलाइट हा वेगळा विषय. आडून सांगून उपयोग नसतो. लॅपटॉप घेऊन गेलो, त्यांना मृगाचा फोटो दाखवला आणि मग विषय काढला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? तो तर आमच्या ह्यांना बटण सापडत नाही म्हणून चालू असतो." आता नऊला बंद होतो, आणि मधूनच विचारणा होते, "आज काय काढताय?"

14 जानेवारी 2025, संक्रांत

काल पौर्णिमा झाली. चांदण्याचे दिवस दुरुस्तीला ठेवायचे.

कॅमेरा उघडून घेतला. सेन्सरपुढे दोन काचा असतात. मागची, लाल अडवणारी काढली, पुढची, धूळ झटकणारी ठेवली. अशाने फोकसचं फारसं बिघडत नाही. मजुरी 3,500. दुरुस्ती करणाऱ्याने दोनदा विचारलं, "फोटो लाल येतील, चालेल ना?" त्यासाठीच तर आलोय म्हटलं.

दुसरा खर्च दोन पट्ट्यांचा फिल्टर, कॅमेऱ्याच्या तोंडात आत बसणारा, 12,000. हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा 500.7 नॅनोमीटरचा हिरवट-निळा, दोन्हीकडे सात-सात नॅनोमीटरची फट. बाकी सगळं बंद. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते, त्यांचा प्रकाश 589च्या आसपास एकवटलेला, साध्या फिल्टरनेही अडायचा. आता पांढरे एलईडी सगळ्या रंगांत पसरलेले. म्हणून 'प्रकाश-प्रदूषण फिल्टर' नावाने मिळणाऱ्या स्वस्त काचांवर पैसे घालवू नका. अरुंद फट हाच उपाय, आणि तोही फक्त तेजोमेघांना. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, तो या फिल्टरने तितकाच मरतो.

28 जानेवारी

रोझेट तेजोमेघ. आर्द्रेच्या पूर्वेला साडेनऊ अंशांवर. साडेदहाला बरोबर माथ्याजवळ.

फिल्टर बसवला की अनंताचा फोकस बदलतो, कालची खूण आज चालत नाही. फोकससाठी बाहतिनोव जाळी, म्हणजे लेन्ससमोर धरायची फटींची चकती, तिच्यातून ताऱ्यावर तीन रेघा दिसतात. पुठ्ठ्याची केली होती, ती दवाने वाकली. पत्रिका छापणाऱ्याकडून लेसरने ॲक्रिलिकची कापून घेतली. व्याधावर धरायची, तीन रेघांतली मधली बरोबर मधे आणायची, मग फोकस रिंगवर मास्किंग टेप. संध्याकाळी 22 अंश तापमान होतं, दोन वाजता 12. मधे एकदा फोकस पुन्हा बघावाच लागतो.

पहिल्या तासाच्या फ्रेम एफ/2वर घेतल्या. जास्त प्रकाश, जास्त तेजोमेघ, असं गणित. प्रत्यक्षात रोझेट फिकट, विशेषतः लाल. कारण या फिल्टरमधून किरण तिरपा गेला की त्याची फट निळ्याकडे सरकते. एफ/2च्या लेन्समध्ये कडेचे किरण चौदा अंश तिरपे येतात, त्यांच्यापुरती फट हायड्रोजनच्या रेषेवरून सरकून जाते. म्हणजे उघडं छिद्र प्रदूषण आत घेत होतं आणि हवा तोच प्रकाश अडवत होतं. एकेक फ्रेम एफ/2, 2.8 आणि 4ला घेऊन पाहिली. 2.8 सगळ्यात चांगली. फिल्टरच्या खोक्यावर हे लिहिलेलं नसतं.

फिल्टर लावल्यावर आकाश काळं पडतं, म्हणून एक्स्पोजर लांब हवं. तीन मिनिटं घेतली तर निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये तारे लांबट. या माउंटचं दंतचक्र सुमारे दहा मिनिटांत एक फेरा घेतं आणि त्या फेऱ्यात थोडं पुढे-मागे होतं. 90 सेकंदांवर आणलं, तरी पाचातली एक टाकावी लागतेच. यावर उपाय गाइडिंग: छोटी 30 मिमीची नळी आणि त्यावर छोटा कॅमेरा, तो एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला दुरुस्त करत राहतो. जोडी वापरलेली मिळाली, 16,000. सॉफ्टवेअर पीएचडी2, फुकट.

डासांबद्दल: उदबत्ती वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. वरच्या बाजूला ठेवली तर धूर लेन्ससमोरून जातो. अर्धा तास मी हवा वाईट आहे म्हणून चरफडत होतो.

9 फेब्रुवारी, रविवार

आतापर्यंतच्या रात्रींचा हिशेब मांडला. सामान बाहेर काढणं, समतल करणं, ध्रुव-जुळवणी, फोकस यात सव्वा ते दीड तास. कामाच्या दिवशी दहाला सुरुवात करून बाराला झोपायचं तर हाती उरतो अर्धा तास. शहरात राहण्याचा एकच फायदा: आकाश वाईट असलं तरी रोज घरी आहे. ते रोज वापरता येत नसेल तर सरळ गाव गाठलेलं बरं. म्हणून लेन्स-बिन्स नवं काही न घेता पक्का खांब.

रंगवलेल्या तीन खुणांच्या मधली फरशी काढली. दीड फूट लांब-रुंद, दोन फूट खोल खड्डा. खालच्या मुरुमावर 10 मिमीच्या चार सळयांचा सांगाडा, त्यावर सहा इंची पीव्हीसी पाइप उभा, जमिनीवर तीन फूट. एकास दोन, चार असं काँक्रीट, सिमेंटचं एकच पोतं पुरलं. भोवतीच्या फरशीत आणि खांबात बोटभर फट ठेवायला सांगितली आणि ती वाळूने भरली. नाहीतर अंगणात चाललेलं पाऊल खांबात शिरतं आणि तारे नाचतात.

गवंडी मामांनी ओळंबा लावून पाइप सरळ केला, वर थापी मारली आणि विचारलं, "साहेब, तुळस मोठी ठेवणार का? मग वर खळगा सोडतो." कॅमेरा म्हटल्यावर ते सीसीटीव्ही समजले. "एवढ्या खाली? चोर उचलून नेईल." पटवायचा प्रयत्न सोडून दिला. पण काम चोख, मिलिमीटर इकडे-तिकडे नाही.

वर फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली लोखंडी तबकडी, काँक्रीटमध्ये रोवलेल्या तीन बोल्टवर. मधे तीन अष्टमांश इंची बोल्ट, माउंटचा पाया त्यावरच आवळतो. खर्च: पाइप 900, सिमेंट 400, वाळू-खडी 700, सळया 350, तबकडी 1,200, मजुरी 1,500. एकूण 5,050. रोज पाणी मारून दोन आठवडे हात लावला नाही.

25 फेब्रुवारी

माउंट खांबावर. एकदाच नीट ध्रुव-जुळवणी केली आणि आता पाया तिथेच राहतो, वर प्लास्टिकची बादली पालथी. कॅमेरा आणून पहिली फ्रेम सुरू होईपर्यंत वीस मिनिटं, त्यातली बरीचशी फोकसची. प्रतिभार आदळायला ट्रायपॉडचा पायच उरला नाही.

रोझेट पुन्हा, या आठवड्यात रोज दोन-अडीच तास. गाइडिंगसह तीन मिनिटांच्या फ्रेम, टाकाऊ अगदी थोड्या. सगळ्या रात्री मिळून अकरा तासांचा डेटा. पाकळ्यांमधल्या काळ्या धुळीच्या तारा पहिल्यांदा दिसल्या, मधला पोकळ भाग निळसर आला. एका रात्रीच्या दोन तासांच्या चित्रात यातलं काहीच नव्हतं. कॅमेरा तोच, लेन्स तीच.

यूएसबी केबल खांबाला वेलक्रोने बांधा. लोंबती केबल दाराच्या कडीत अडकली आणि त्या रात्रीचा शेवटचा तास गेला.

29 मार्च

काल रात्री वेल्ह्याला गेलो, एकदा तुलना हवी म्हणून. नकाशावर तिथे बोर्टल चार. लक्ष्य कन्येतल्या दीर्घिकांची रांग, एम84, एम86 आणि पुढची माळ, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. फिल्टर नाही, कारण दीर्घिका.

धायरीत आधीच्या रात्रींत सहा तास जमवले होते. वेल्ह्यात एका तासाने ते मागे टाकलं, तेही ओळखू येईल इतकं. गणितही तेच सांगतं. तिथलं आणि इथलं आकाश यांत तीनेक मॅग्निट्यूडचा फरक (एक मॅग्निट्यूड म्हणजे उजेडात अडीच पट), म्हणजे इथलं आकाश जवळपास 16 पट उजळ. आकाशाचाच प्रकाश जिथे आड येतो तिथे तितक्याच पट वेळ लागतो. वेल्ह्याच्या एका तासाला धायरीत सोळा.

म्हणून माझ्यापुरतं ठरलं: अंगणातून हायड्रोजनचे तेजोमेघ आणि तारकागुच्छ. फिक्या दीर्घिका अमावास्येच्या शनिवारी गावाला. अंगणातून दीर्घिकांचा हट्ट धरणारे पुढे कॅमेरा बदलतात, मग लेन्स, मग छंद.

28 एप्रिल

दक्षिण मोकळी असल्याचं चीज आज झालं. ओमेगा सेंटॉरी, नरतुरंगातला गोलाकार तारकागुच्छ, सुमारे 17,000 प्रकाशवर्षं दूर, एक कोटीच्या घरात तारे. युरोपातल्या बहुतेकांना तो क्षितिजावर येतच नाही. आपल्याकडे साडेअकराला दक्षिणेला 24 अंशांवर. त्याच्या उत्तरेला साडेचार अंशांवर सेंटॉरस ए दीर्घिका, मधोमध धुळीचा काळा पट्टा असलेली. चौकटीची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवली तर दोन्ही एकत्र येतात. ही एक दीर्घिका मात्र शहरातूनही घ्यावी, गाभा चांगला तेजस्वी आहे.

इतक्या खाली हवेची जाडी मोठी, म्हणून माथ्यावर यायच्या आधी-नंतर तासभर एवढंच कामाचं. 20 सेकंद, एफ/2.8, फिल्टर काढून.

आता शत्रू दव नाही, उष्णता. रात्री अकराला 28 अंश, आणि फाइलमधल्या नोंदीप्रमाणे सेन्सर 37वर. जानेवारीच्या डार्क फ्रेम वापरल्या तर लाल-निळे ठिपके तसेच राहिले. सेन्सरचा उष्णतेचा गोंधळ साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो, म्हणजे जानेवारीची डार्क एप्रिलला लागूच पडत नाही. आता रोज काम संपलं की झाकण लावून कॅमेरा तिथेच, त्याच हवेत, अर्धा तास डार्क घेत सोडतो आणि आपण झोपायला जातो. फोल्डरला तारखेऐवजी सेन्सरच्या तापमानाचं नाव.

31 मे

हंगाम लवकर आटोपला. वीस तारखेपासून रोज पाऊस आणि महिना सरायच्या आत मान्सून पुण्यात.

बुरशी हा आपल्याकडचा खरा लेन्सखाऊ. सॅमयांग, फिल्टर, गाइडची नळी आणि कॅमेरा रबरी कडा असलेल्या धान्याच्या डब्यात, सोबत निळी सिलिका जेल आणि आत आर्द्रतामापक. काटा 45 ते 50 टक्क्यांत. जेल गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळी. कढई वेगळी घ्या, ती घरातली नको. कपाटात कापडी पिशवीत लेन्स ठेवली तर सप्टेंबरात काचेवर जाळी दिसते. माउंट खांबावरून काढला, तबकडीला ग्रीस, बोल्टवर उपडी स्टीलची वाटी.

एकूण खर्च 1 लाख 10 हजारांच्या घरात. त्यातले सगळ्यात कामाला आलेले 5,050 खांबाचे आणि 1,400 दवाच्या पट्ट्याचे. गाइडिंगचे 16,000 खांबाच्या आधी घातले ते उलटं झालं. क्रम असा हवा: माउंट, दवाचा पट्टा, खांब, कॅमेऱ्याची काच, फिल्टर, गाइडिंग.

आकाशगंगेचा गाभा आणि लगून तेजोमेघ एम8 राहिला. तो मध्यरात्री माथ्यावर येतो तेव्हा आपल्याकडे छत्री उघडलेली असते. ज्यांना तो अंगणातूनच हवा आहे त्यांनी एप्रिलअखेर पहाटे तीनला उठावं. सव्वाचारला तो दक्षिणेला 47 अंशांवर असतो आणि पाऊण तासाच्या आत उजाडू लागतं. आदल्या रात्रीच फोकस टेप लावून ठेवा.